दोनशे प्रती, नऊ फर्मे आणि एक ‘ऱ्ह’

खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत नोकरी करीत असताना जात्यावरच्या ओव्या वह्यांमध्ये उतरवून घेण्याचा मला नाद होता. निवृत्तीनंतर त्या वह्या नीट लावल्या, तेव्हा १४४ पानांचे पुस्तक होईल इतका मजकूर निघाला. हे पुस्तक मी गेल्या उन्हाळ्यात बेळगावच्या शहापूर भागातील एका लहान छापखान्यातून स्वखर्चाने छापून घेतले. आधी शंभर प्रती आणि पावसाळा लागल्यावर आणखी शंभर, अशा दोन खेपांत. त्या छापखान्याच्या कामाचे हे परीक्षण आहे. छापखान्याचे नाव मी देत नाही. मालक, त्यांचा मुलगा, संगणकावर बसणारी एक ऑपरेटर आणि बाइंडिंग करणाऱ्या एक मावशी एवढ्याच माणसांवर तो चालतो, आणि याहून जास्त काम अंगावर घेण्याची त्यांची तयारी नाही. शिवाय पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत. या धर्तीचे छापखाने बेळगावात आणखीही आहेत, तेव्हा येथे जे निकष मी लावले आहेत, ते कोणालाही आपल्या कामासाठी लावून पाहता येतील.

शहापूरला जाण्यापूर्वी मी दोन ठिकाणी चौकशी केली होती. पहिली स्वप्रकाशनाची ‘पॅकेज’ विकणारी एक कंपनी होती. तिचा सगळा व्यवहार फोनवरच चाले. अडतीस हजार रुपयांत मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), ऑनलाइन विक्रीची नोंदणी आणि लेखकाला पंचवीस प्रती, असा तिचा हिशेब होता. आपल्या देशात आयएसबीएन सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे त्या बोलणाऱ्या मुलाला मीच सांगितले, तेव्हा त्याने विषय बदलला. दुसरा ऑफसेटचा मोठा छापखाना होता. त्याने पाचशे प्रतींना प्रत्येकी ५८ रुपये, म्हणजे २९,००० रुपये, आणि हजार प्रतींना प्रत्येकी ४३ रुपये, म्हणजे ४३,००० रुपये असा दर दिला. पाचशेच्या खाली येण्यास त्याने नकार दिला. शहापूरच्या मालकांनी डिजिटल छपाईचा दर प्रतीमागे ९८ रुपये सांगितला आणि किती प्रती घ्यायच्या ते माझ्यावर सोपवले. मी दराच्या फरकाबद्दल कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, “बाई, पाचशे घेऊन ठेवणार कुठं? माळ्यावरच की! मग वाळवीच वाचत बसंल.”

हा फरक का पडतो, हे त्यांनी कागदाची घडी घालून दाखवले, आणि कोणत्याही लेखकाने ते एकदा समजून घ्यावे असे मला वाटते. डेमी आकाराच्या पुस्तकाची सोळा पाने एका मोठ्या कागदावर, आठ एका बाजूला आणि आठ दुसऱ्या बाजूला, छापली जातात आणि घडी घातल्यावर ती क्रमाने येतात. हा एक फर्मा. ऑफसेटवर फर्म्याच्या प्रत्येक बाजूसाठी एक प्लेट करावी लागते. नऊ फर्म्यांच्या अठरा प्लेटा, रंगीत मुखपृष्ठाच्या आणखी चार, आणि यंत्रावर शाई व जुळणी बसेपर्यंत वाया जाणारा कागद, हा सगळा खर्च प्रत एक निघो की हजार, तेवढाच होतो. म्हणून प्रती वाढल्या की दर उतरतो. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. प्रत्येक पान फायलीतून थेट कागदावर उतरते, त्यामुळे पहिल्या प्रतीला जो खर्च, तोच शंभराव्या प्रतीला. माझा मजकूर प्रत्यक्षात १४७ पानांचा झाला होता. तीन पाने कमी केली तर नेमके नऊ फर्मे होतील आणि पुढे कधी ऑफसेटवर जायचे ठरले तर तीच मांडणी चालेल, हे मालकांनी सुचवले. प्रस्तावना तेवढी आखूड झाली, आणि खरे सांगायचे तर ती बरीही झाली.

ज्यांना दोनशे ही संख्या फार तोकडी वाटते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की युरोपात सुट्या अक्षरांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने माइन्झ शहरात १४५५ च्या सुमारास जे बायबल छापून पूर्ण केले, त्याच्या प्रती सुमारे १८० च होत्या.

छापखान्यात शिरताच डाव्या हाताला एक जुने ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र आहे. मालकांच्या वडिलांनी त्यावर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापली. आज त्याच्यावर अक्षर छापले जात नाही. पावत्यांना क्रमांक घालणे, फाडण्यासाठी छिद्रांची ओळ पाडणे आणि पुठ्ठ्यावर घडीची खूण उमटवणे एवढीच कामे ते करते. मागच्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केशी (खणांचे लाकडी ट्रे) अजून शिल्लक आहेत. मी एका केशीतले खण मोजू लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिले. क वेगळा, अर्धा क वेगळा, क्ष वेगळा, उकार लागलेला र वेगळा. अनुस्वार, मात्रा आणि रफार यांचे लहान तुकडे आणखी वेगळे. इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्या माणसाला दीडशे-एक खणांत भागवता येत असे, तर मराठी जुळाऱ्याचा हात चार-चार केशींवरून फिरे. माझ्या पुस्तकाचे जे झाले, ते समजायला ही केस पाहिली, याचा मला पुढे फार उपयोग झाला.

देवनागरी लिपी आणि छापण्याचे यंत्र यांचे जमेना, ही तक्रार आपल्या भागाला फार जुनी आहे. चोर्ला घाट उतरून पलीकडे गेले की गोवा लागतो, आणि भारतातला पहिला छापखाना १५५६ साली तेथेच आला. जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू तो अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) न्यायला निघाले होते. वाटेत तो गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. तरीही पुढे साठ वर्षांनी, १६१६ साली, रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले, तेव्हा भाषा मराठी असूनही अक्षरे रोमन होती. येथल्या लिपीतली पुस्तके छापावीत अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती, आणि अडचण काय आहे तेही त्यांनी १६०८ च्या एका पत्रात लिहून ठेवले आहे: युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, येथे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. छापखाना दारात होता, लिहिणारा माणूस होता, वाचणारेही होते. अडले ते त्या सहाशे साच्यांवर.

आपल्या उत्तरेला मिरज आहे. तेथे पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली गीता छापली गेली, ती खिळ्यांच्या वाटेला न जाता. तांब्याच्या पत्र्यावर अख्खे पान उलट्या अक्षरांत कोरून ती छापली. अशा पद्धतीत जोडाक्षराची अडचण मुळात उरतच नाही, कारण कोरणारा हाताने हवे ते वळण देतो. मात्र कोरलेले पान दुसऱ्या कोणत्याही कामाला येत नाही आणि त्यातली चूक दुरुस्त करणे जवळपास अशक्य. त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण निघाले, आणि त्यासाठी देवनागरीचे सुटे खिळे वापरले गेले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचा मार्ग धरला आणि १८३१ साली छापील पंचांग काढले. शिळेवर लेखनिक शाईने लिहितो तेच उमटते, म्हणून तेथेही जोडाक्षर आडवे येत नाही. सुट्या खिळ्यांना देखणे रूप आले ते त्यानंतर, विशेषतः जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात, ज्याची सुरुवात १८६९ ची. हे सारे मी येथे सांगते आहे, कारण स्टीफन्स यांना जे अडले तेच, थोड्या वेगळ्या वेषात, शहापुरात माझ्याही पुस्तकाला अडले.

माझ्या ओव्या बोलीतल्या आहेत. त्यांत ‘ऱ्हाट’ आहे, ‘ऱ्हायलं’ आहे, ‘म्हायेर’ आणि ‘न्हाय’ आहे, ‘डोंगरदऱ्या’ तर पानोपानी आहेत. मी सगळा मजकूर घरी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, टंकित करून नेला होता आणि आता फक्त पाने लावायची राहिली, अशा समजुतीत होते. छापखान्यातले जुने मराठी फॉन्ट मात्र युनिकोडपूर्व काळातले होते. अशा फॉन्टांत प्रत्येक आकाराला एक ठरावीक घर असते, अगदी त्या खिळ्यांच्या केशीसारखे, आणि युनिकोडचा मजकूर त्यात न्यायचा तर तो एका परिवर्तकातून पार करावा लागतो. पहिले प्रूफ हाती आले, तेव्हा ‘डोंगरदऱ्या’चे ‘डोंगरदर्या’ झाले होते. म्हणजे खानापूरच्या जंगलातल्या दऱ्यांचा एका रात्रीत दर्या झाला. ‘ऱ्हाट’ शब्दातला ‘ऱ्ह’ कोठे रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढला होता, तर कोठे त्याच्या जागी नुसता चौकोन उमटला होता. मी लाल शाईने त्रेसष्ट खुणा केल्या.

दोष कोणाचा, हे ठरवणे तितके सोपे नव्हते. आडवा, पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र मराठीत लागतोच. हिंदी मजकुरात तो सहसा येत नाही, त्यामुळे पुष्कळ साधनांच्या करणाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलेले नाही. त्यातून तो टंकित करण्याचे दोन मार्ग आहेत: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत लावून, किंवा साध्या र ला हलंत लावून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. मी काही वह्या भ्रमणध्वनीवर आणि काही संगणकावर टंकित केल्या होत्या, त्यामुळे माझ्याच फायलीत दोन्ही प्रकार मिसळले होते, आणि परिवर्तकाला त्यांतला एकच ओळखता येत होता. ऑपरेटर मुलगी बैलहोंगलकडची, घरची भाषा कन्नड. ती मराठी नीट वाचते, पण ‘ऱ्हाट’ हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता, तेव्हा तो चुकला आहे हे तिला कळावे तरी कसे?

येथे छापखान्याचे खरे कौतुक करायला हवे. मालकांनी जुने फॉन्ट बाजूला ठेवले आणि सगळे पुस्तक इनडिझाइनमध्ये युनिकोड फॉन्टात नव्याने लावले. त्यातही एक खाच आहे: त्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा कंपोझर निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे तुटतात. हे त्यांना ठाऊक होते. मी आधी गेलेल्या ठिकाणी ते ठाऊक नव्हते. या सगळ्यात दोन आठवडे गेले, पण पाने लावण्याचा पानाला २५ रुपये हा ठरलेला दर त्यांनी वाढवला नाही. म्हणून कोणत्याही छापखान्यात पुस्तक देण्यापूर्वी ‘दऱ्या, दर्या, तऱ्हा, ऱ्हस्व, आचाऱ्याला, आचार्याला’ एवढे सहा शब्द आपल्या फायलीतून त्यांच्या यंत्रावर छापून पाहावेत. दराची बोलणी त्यानंतर करावीत.

मुद्रितशोधनाच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसरे प्रूफ मात्र प्रूफ नव्हतेच. ते ज्या यंत्रावर पुस्तक निघणार होते, त्याच यंत्रावर, त्याच ७० ग्रॅमच्या नॅचरल शेड कागदावर काढलेले, बांधलेले एक संपूर्ण पुस्तक होते. ऑफसेटच्या छपाईत लेखकाला बहुधा साध्या लेझर प्रिंटरवरची पाने दाखवतात आणि खरे पुस्तक पाचशे प्रती निघाल्यावरच दिसते. मी ते एकुलते एक पुस्तक घेऊन चार दिवस घरात फिरले, शेजारणीला वाचायला दिले, आणि अक्षराचा आकार एका पॉइंटने वाढवून घेतला. ओव्या ऐकवणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना चष्म्यानेही ते बारीक टाइप वाचवले नसते.

आता उणिवा. पहिल्या शंभर प्रतींचे बाइंडिंग गोंदाचे होते, म्हणजे पाने कण्यावर कापून त्यांवर गरम डिंक ओतलेला. मे महिन्यात ते सुबक दिसले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला आणि पुस्तके टेबलावर ठेवली की मुखपृष्ठ आपोआप वर उचलले जाऊ लागले. अकरा प्रतींची मधली पाने हातात आली. कागदाला जशी लांबी-रुंदी असते, तसा त्याचा ग्रेनही, म्हणजे तंतूंची दिशाही, असतो, आणि तो पुस्तकाच्या कण्याला समांतर असला पाहिजे. आडवा असला तर दमट हवेत कागद फुगून कण्यालाच ओढ बसते. पहिल्या खेपेला मिळेल तो कागद आडव्या ग्रेनचा आला होता, हे मालकांनी स्वतःहून मान्य केले आणि अकराही प्रती बदलून दिल्या. मात्र खानापुरात, जांबोटीकडे, कणकुंबीकडे पाऊस कसा असतो, हे बेळगावात राहणाऱ्या छापखानेवाल्याला सांगावे लागू नये, अशी माझी अपेक्षा होती. मुखपृष्ठाचा रंगही बिनसला. पडद्यावर जो हळदीचा पिवळा होता, तो कागदावर जुन्या भिंतीसारखा मळकट उतरला. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि कागदावरचा शाईचा, हे कारण पटते, पण एक नमुना आधी काढून दाखवता आला असता. दुसऱ्या खेपेला तो त्यांनी दाखवला. वेळेच्या बाबतीत तर लग्नसराईत या छापखान्याकडे जाऊच नये. माझे पहिले शंभर कबूल केलेल्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी आले, कारण पत्रिकांचे काम पुढे सरकवता येत नाही आणि म्हाताऱ्या बाईचे पुस्तक येते.

असे असूनही दुसरे शंभर मी तेथेच छापले, आणि त्याचे कारण दरात नाही. पुस्तक निघाल्यावर जांबोटीकडच्या एका आजींनी नातवाकडून ते वाचून घेतले आणि निरोप धाडला, की एका ओवीची दुसरी ओळ मी दुसऱ्याच ओवीला जोडली आहे. त्या पाठोपाठ आणखी पाच दुरुस्त्या आल्या, आणि एका गावातून तर सात नव्या ओव्या आल्या. मिरजेच्या तांब्याच्या पत्र्यावर ही दुरुस्ती झाली नसती. खिळ्यांच्या काळात पुस्तक छापून झाले की फर्मा सोडून खिळे पुन्हा केशीत टाकत, त्यामुळे सहा ओळींसाठी पाने नव्याने जुळवावी लागली असती. ऑफसेटवर पाचशे प्रती काढून बसले असते, तर मी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत बसले असते. शहापुरात मी मालकांच्या मुलाशेजारी बसून दीड तासात सगळ्या दुरुस्त्या केल्या आणि दोन कोऱ्या पानांची जागा त्या सात ओव्यांना दिली. त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत. तोंडी चालत आलेला मजकूर जमवणाऱ्या माणसाला छपाईच्या आजवरच्या कोणत्याही पद्धतीने ही सोय दिलेली नव्हती, आणि मोठ्या प्रकाशकाकडे पुस्तक गेले असते तर दुसऱ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे बहुधा कायमचे, थांबावे लागले असते.

आयएसबीएनसाठी मी स्वतःच ऑनलाइन अर्ज केला. लेखक-प्रकाशक म्हणूनही तो करता येतो. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते, ही गोष्ट मात्र छापखान्याने सांगितली नाही, ‘पॅकेज’वाल्यांनीही सांगितली नव्हती, ती मला बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात कळली. हे वाचनालय १८४८ पासूनचे आहे, आणि पाचवी प्रत मी तेथे दिली.

पैशांचा हिशेब असा. छपाईचे १९,६०० आणि पाने लावण्याचे ३,६०० मिळून २३,२०० रुपये गेले. एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथकार आगाऊ वर्गणीदार जमवून पुस्तके काढीत. त्याच चालीने मी छपाईपूर्वी १५० रुपयांत मागणी नोंदवून घेतली आणि ४६ जणांचे ६,९०० रुपये आले. पुढे १८० रुपये किमतीला ८५ प्रती गेल्या, त्यांचे १५,३०० झाले. तीस प्रती ओव्या सांगणाऱ्या बायकांना दिल्या. त्यांच्याकडून पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे हजार रुपये अजून यायचे आहेत आणि ३४ प्रती घरात आहेत, त्याही माळ्यावर नव्हे, खुर्चीवर.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची मराठी साहित्य संमेलने सुरू होतील आणि तेथे पुस्तकांच्या टेबलावर एवढ्या प्रती पुरणार नाहीत, म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा शहापूरला गेले आणि पन्नास प्रतींची मागणी नोंदवली. या वेळी बाइंडिंग गोंदाऐवजी फर्मे दोऱ्याने शिवून हवे, असे सांगितले. मावशींनी प्रतीमागे २२ रुपये जास्त पडतील आणि आठ दिवस जास्त लागतील म्हणून सांगितले. मी होकार दिला. ऑपरेटर मुलीच्या पडद्याशेजारी माझे ते सहा शब्द कागदावर लिहून चिकटवलेले होते, आणि त्यांच्याखाली सातवा, तिच्या हाताने लिहिलेला: ‘ऱ्हाट’.